आठ दारं आणि बनसोडे अण्णा

बनसोडे अण्णा कुणाकडेही गेले की आधी त्या घरातल्या कपाटांची विचारपूस करतात, मग माणसांची. तुम्ही दारात उभे राहून "या, या" म्हणत असता आणि हा गृहस्थ तुमच्या खांद्यावरून आत बघत असतो. चप्पल काढली की तडक स्वयंपाकघर. एखाद्या कपाटाचं दार दोन बोटांनी उघडायचं, सोडून द्यायचं आणि ते मिटेपर्यंत डोळे बंद करून कान द्यायचा, वैद्यानं नाडी धरावी तसा. मग डोळे उघडून निकाल सांगायचा.

"लोंबतंय."

संपलं. तुमच्या घराची, खानदानाची आणि सुतारमिस्त्रीची अब्रू त्या एका शब्दात गेली.

आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर कुलकर्णी राहतात. त्यांचे वडील वारले तेव्हा अण्णा भेटायला गेले. सगळे गप्प. अण्णाही हात जोडून गप्प, नजर समोरच्या हार घातलेल्या फोटोवर. लोकांना वाटलं, बुवा फार हळवा आहे. पाच मिनिटांनी ते कुलकर्ण्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "वाईट झालं. स्क्रूड्रायवर हाय का?" ते फोटोकडे बघतच नव्हते. फोटोखालच्या शोकेसचं दार एका बाजूनं उतरलं होतं. कुलकर्णी मला पुढे म्हणाले, "बाबांचं दुःख आहेच हो, पण दार तेव्हापासून कुरकुरलं नाही."

लोकांना याचं हसू येतं. मला येत नाही. मी हे रागानं लिहायला बसलोय, कारण या माणसानं माझं स्वयंपाकघर तीन आठवडे ओलीस धरलं होतं.

अण्णा मूळचे होटगीचे. रेल्वेत सिग्नलच्या कामावर फिटर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी असते. लग्नाला जाताना दुसरी, चकचकीत. अंदाज या शब्दाशी त्यांचं हाडवैर. "साधारण इतकं" असं कुणी म्हणालं की त्यांचा चेहरा तोंडात खडा आल्यासारखा होतो. "साधारण? सर, साधारणनं गाडी होटगीला जात न्हाई, नाल्यात जाती!" मीठ किती घालायचं हे ते कसं ठरवतात देव जाणे. मिठाचे खडे मोजत असले तरी मला नवल वाटणार नाही.

आता माझ्या स्वयंपाकघराचं सांगतो.

आमच्या ओट्याखाली बावीस वर्षं दारं नव्हती. दारांच्या जागी चादर होती, आपली सोलापुरी, मोरांची. दोरीत ओवून टांगलेली. भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात आलो, ओटा ग्रॅनाइटचा झाला, मुलगी शिकून नोकरीला लागली, पण चादर तशीच. मोरांचा रंग उडून त्यांच्या कोंबड्या झाल्या. माझी बायको सुमन कधी काही बोलली नाही. पण तिची थोरली बहीण कुंदाअक्का करमाळ्याला असते आणि तिच्याकडे पुण्याच्या कंपनीनं बसवलेलं स्वयंपाकघर आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कार्यक्रम होता, पंचवीस बायका जमलेल्या. अक्कानं चादरीचं टोक उचललं आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "बघा गं, आमच्या सुमीचं मॉड्युलर किचन!"

सगळ्या हसल्या. सुमनही हसली. मग आठ दिवस माझ्याशी गरजेपुरतं बोलली, आणि गरज तिला फारशी पडली नाही.

त्यामुळे यंदा अक्कानं "चार दिवस राहायला येते" असा फोन केला, तेव्हा सुमननं फोन ठेवून मला एवढंच सांगितलं, "ती यायच्या आत दारं लागली पाहिजेत. नाहीतर मी करमाळ्याला जाऊन राहते, तुम्ही अक्काबरोबर राहा." धमकी एवढी भयंकर होती, की मी त्याच संध्याकाळी मिस्त्री आणला.

मिस्त्रीनं खालचे खण बनवले, प्लायवूडची दारं कापली, त्यावर पिवळसर सनमायका चढवली, आणि सगळ्या मिस्त्र्यांप्रमाणे मोठ्या बंगल्याचं काम लागल्यावर अंतर्धान पावला. हॉलच्या भिंतीला टेकवलेली दारं आणि पिशवीभर बिजागऱ्या तेवढ्या राहिल्या. मी दारं मोजली. नऊ! लागणार होती आठ. मी म्हटलं, मिस्त्रीला मोजताही येत नाही.

या बिजागऱ्या म्हणजे जुन्या पितळी पानांच्या नव्हेत. दार मिटलं की बाहेरून दिसतच नाहीत. दाराच्या मागच्या अंगाला मोठ्या नाण्याएवढं गोल भोक पाडायचं, पस्तीस मिलिमीटरचं. त्यात बिजागरीची वाटी बसते. भोक आरपार जाता कामा नये, कमी खोलही राहता कामा नये, आणि कडेपासून ठरल्या अंतराच्या केसभरही इकडेतिकडे नको. मी इतिहासाचा मास्तर. पानिपत दरवर्षी लढवतो, म्हटलं एवढं काय जड आहे? शेजारच्या शिक्षकाचं ड्रिल आणलं, अंदाजानं खूण केली आणि घातलं. काय ते घुसलं! प्लायवूड गेलं, सनमायका गेली, खालची सतरंजी गेली. फरशी मध्ये आली नसती तर मी तळमजल्यावर कुलकर्ण्यांच्या ताटात उतरलो असतो. दाराच्या दर्शनी बाजूला सूर्य उगवला होता.

तेव्हा मला कळलं की मिस्त्रीनं दारं चुकून नऊ केली नव्हती. त्यानं मला आधीच ओळखलं होतं.

आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधले अण्णा दारात उभे. त्यांनी ते भोक बघितलं. त्यातून पलीकडच्या माझ्याकडे बघितलं. मग अपघाताच्या जागी बोलतात तशा हळू आवाजात विचारलं, "सर, जिग कुटंय?"

"कसली जिग?"

"जिग न्हाई? नुसत्या हातानं? वैनी, ह्यांना कसं काय मोकळं सोडलंय तुमी?"

सुमन म्हणाली, "मलाही तोच प्रश्न पडलाय अण्णा." लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या बाईनं परक्या माणसापुढं!

अण्णा घरी गेले आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली आपली जिग घेऊन आले. तिला त्यांनी आमच्या डायनिंग टेबलावर अशी ठेवली, की मी नकळत उभा राहिलो. जिग म्हणजे भोक कुठं पाडायचं ते ड्रिलला दम देऊन सांगणारा धातूचा साचा. दाराच्या कडेला चिमट्यानं आवळून बसवायचा. कडेपासून अंतर किती, ते त्याच्या खटक्यावर लावायचं. ड्रिलच्या पात्याला एक कडी असते, ती ठरल्या खोलीवर पातं अडवते. एवढं केलं की भोक चुकवायचं म्हटलं तरी चुकत नाही.

"पाच," अण्णा खटका लावत म्हणाले. "कडंपास्नं पाच मिली. साडेचार न्हाई, सव्वापाच न्हाई. पाच म्हंजे पाच."

"लावून द्याल का अण्णा सगळी?" सुमननं विचारलं. "अक्का यायला तीन आठवडे आहेत."

"वैनी, तीन आठवड्यात मी अख्ख्या सोलापूरची दारं लावतो की!"

हे शब्द माझ्या कानांनी ऐकलेत. कोर्टात सांगायला तयार आहे.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा रोज दुपारी साडेतीनला यायला लागले. माझी शाळा सकाळची, त्यामुळे सारा छळ मला जातीनं बघायला मिळाला. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. नुसती दारं बघितली. "वळख व्हाया पायजे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीला टोक केलं. दीड तास! मग ते टोक फार झालं म्हणून थोडं बोथट केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी, मी बिघडवलेल्या दारावर जिग आवळून नमुन्याची भोकं पाडायला सुरुवात केली. एक पाडायचं, पट्टीनं मोजायचं, भुसा चिमटीत घेऊन वास घ्यायचा, "हं" म्हणायचं. शनिवारपर्यंत त्या दाराची चाळण झाली. त्यातून गहू चाळता आले असते.

"अण्णा, नमुना पसंत पडला का?"

"नमुना बरा हाय. पण आज हवा दमट हाय."

सोलापुरात! एप्रिल महिन्यात! जिथं ओठावरनं जीभ फिरवली तर ती परत आत येईपर्यंत वाळते, तिथं या माणसाला हवा दमट लागत होती.

दुसऱ्या आठवड्यात पहिलं दार लागलं. मान्य करतो, अप्रतिम लागलं. दोन बोटांनी ढकललं की मांजरीनं पाऊल टाकावं तसं मिटायचं. सुमननं ते चाळीस वेळा उघडून मिटलं. मी उत्साहानं पुढचं दार उचलून आणलं, तर अण्णांनी जिग फडक्यात गुंडाळली. "आज एवढंच. लाकूड दमतंय, सर."

लाकूड दमत नव्हतं. मी दमत होतो. हॉलमधली दारं टीव्हीपुढं उभी होती, आम्ही बातम्या फटीतून बघत होतो. निवेदकाचा अर्धाच चेहरा दिसायचा.

चार वाजता चहा व्हायचा. अण्णा फरशीवर मांडी घालून बसायचे, बशीत कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी. "वैनी, चटणी खलबत्त्यातली हाय न्हवं?"

"हो अण्णा. मिक्सरची तेल सोडत नाही."

"तेच म्हन्लं. आमच्या घरात बी खलबत्ताच व्हता." मग सिग्नलच्या गोष्टी सुरू व्हायच्या. सहा वाजता फडकं गुंडाळून घरी. भोक झालेलं असायचं फार तर एक. सुमन आत येऊन दात आवळून म्हणायची, "तुम्ही बोला की त्यांना!" मी दुसऱ्या दिवशी छाती काढून बोलायला जायचो आणि अण्णा म्हणायचे, "सर, जरा ह्ये दार धरा." मी धरायचो. दार धरून कुणालाही खडसावता येत नाही, करून बघा.

एकदा मात्र मी भडकलो. शुक्रवार होता, अक्का रविवारी येणार होती आणि लागली होती तीन दारं. तीन! "अण्णा," मी ओरडलो, "पाच राहिलीत! काम झेपत नसेल तर जिग इथं ठेवा, मी पाडतो भोकं!"

त्यांनी जिग छातीशी धरली. "तुमी?" एवढंच म्हणाले. त्या एका शब्दात इतिहास विषयाचा एवढा अपमान होता, की मी सरळ बाहेर जाऊन बसलो. आणि शनिवारी ते आलेच नाहीत.

रविवारी सकाळी नऊला अक्काचा फोन. ती एसटीनं दुपारी येणार होती, पण जावयाची गाडी मिळाली म्हणून लवकर निघाली होती. "मोहोळ ओलांडलं गं सुमे! तासाभरात पोचतो."

सुमननं फोन ठेवला. स्टूल घेतलं, माळ्यावरून चादर काढली, झटकली आणि उरलेल्या पाच खणांवर दोरी बांधायला लागली. तिची पाठ माझ्याकडे होती. गाठ काही केल्या बसत नव्हती, ती सोडायची आणि परत बांधायची.

मी चप्पलही न घालता समोरचा दरवाजा बडवला. मनात भाषण तयार होतं. त्यात माणुसकी होती, शेजारधर्म होता, एक शिवीही होती.

अण्णांनी दार उघडलं. मी बहुधा नुसताच "अक्का, मोहोळ" असं काहीतरी ओरडलो. त्यांनी माझ्या मागं बघितलं. आमचं दार उघडंच होतं आणि स्टुलावरची सुमन तिथून दिसत होती. ते लगबगीनं स्वयंपाकघरात गेले, मी मागोमाग. काय स्वयंपाकघर! बारा दारं, एका रेषेत, कुठं बोट घालायला फट नाही. त्यांनी जिग घ्यायला पहिलं दार उघडलं. आत जिग आणि ड्रिल. घाईत शेजारचं उघडलं, ते मोकळं. त्यापुढचं उघडलं, तेही मोकळं. चौथ्यात एक ताट, एक वाटी, एक पेला आणि स्क्रूची डबी. डबी घेऊन ते धावले.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो, ऐकीव असतं तर माझाही विश्वास बसला नसता. अण्णांनी दार आडवं घातलं, जिग आवळली, घर्रर्र, भोक. जिग सरकवली, घर्रर्र, दुसरं भोक. वाट्या ठोकल्या, स्क्रू पिळले, दार उचललं, खटक, लागलं! पुढचं! हवा दमट नव्हती, लाकूड दमलं नव्हतं, पेन्सिलीला टोकही नव्हतं. पन्नास मिनिटांत पाच दारं. शेवटचा स्क्रू पिळला आणि खाली गाडीचा हॉर्न वाजला. सुमननं चादर गोळा करून वॉशिंग मशीनमध्ये कोंबली.

अक्का आत आली ती सरळ ओट्याकडं. तिनं पहिलं दार उघडलं, मिटलं. दुसरं. तिसरं. आठही दारं तिनं पोलिसांनी झडती घ्यावी तशी तपासली. एकही वाजलं नाही. मग ती वाकून फटी बघायला लागली आणि अण्णा माझ्याशेजारी श्वास रोखून उभे राहिले.

"सुमे," अक्का सरळ होत म्हणाली, "कुठल्या कंपनीचं गं?"

"आमच्या अण्णांचं," सुमन म्हणाली, आणि पंचवीस बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली.

हे सारं गोड झालं, पण माझा संताप तसाच होता. अण्णा निघाले तसा मी त्यांना दोन्ही दारांच्या मधे गाठलं. "पन्नास मिनिटं! पन्नास मिनिटांचं काम, आणि तीन आठवडे माझ्या घरात भुशाचे वास घेत बसलात? का? काय म्हणून?"

अण्णा फडक्याची गाठ सोडत, बांधत उभे राहिले. मला वाटलं, आता पाच मिलीचं काहीतरी सांगतील.

"चुकलं, सर," ते म्हणाले. "काल लाजंनं आलो न्हाई." मग माझ्याकडं न बघता, "ही व्हती तवा साडेतीनला आधण ठिवायची. आता जेवन केलं की दुपार व्हती, आन् एकदम अंधार. मधलं चार वाजतच न्हाईत हो घरात."

त्यांच्या पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली होती. मला ते ठाऊक होतं. मीच तर शाळेतून रजा काढून तेव्हा गेलो होतो. पण माहीत असणं आणि कळणं यात किती मिलीचं अंतर असतं, ते मला मोजता आलं नाही. मी "बरं बरं" असं काहीतरी पुटपुटून घरात आलो.

अक्का चार दिवस राहून परत गेली. पाचव्या दिवशी दुपारी मी वह्या तपासत होतो, तर सुमनचा आवाज समोरच्या दारापर्यंत दणाणला. "अण्णा! हे काय काम केलंय तुम्ही? दार मान टाकतंय इकडं!"

मला धक्का बसला. ज्या माणसानं हिची अब्रू राखली, त्याच्यावर ही ओरडते? मी तरातरा आत गेलो. खरंच एक दार तिरकं झालं होतं. या बिजागरीला आतून एक छोटा फुलीचा स्क्रू असतो. वरच्या बिजागरीचा तेवढाच फिरवला की अख्खं दार कलतं. आपोआप तो फिरत नाही. मी सुमनला झापायला तोंड उघडलं, आणि मला तिच्या कमरेला, पदराखाली खोचलेला स्क्रूड्रायव्हर दिसला.

बावीस वर्षं वाट बघून मिळालेलं दार. मी तोंड मिटलं.

अण्णा धापा टाकत आले. गुडघे टेकून बसले, दाराला डोळा लावला, मग स्क्रूकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"वैनी, ह्याला कुनीतरी हात लावलाय."

"उंदीर असेल, अण्णा."

"उंदीर." अण्णांनी विचार केला. "आसंल. फुलीचा स्क्रूड्रायवर वापरतोय म्हंजे शिकलेला दिसतोय."

"लई झालेत उंदीर," सुमन म्हणाली. ही बाई शुद्ध बोलते एरवी. "रोज बघावं लागेल."

"रोज बघाया पायजे," अण्णा म्हणाले आणि मांडी घालून बसले. तोवर तिनं आधण ठेवलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरातलं एक ना एक दार कायम वाकडं असतं. आज हे, उद्या ते. पाहुणे विचारतात, नवीन ना हो स्वयंपाकघर? मी सांगतो, उंदीर फार झालेत.

गेल्या आठवड्यात तर कहर झाला. सुमन करमाळ्याला गेली बहिणीकडं, आणि जाताना स्क्रूड्रायव्हर कुठं ठेवलाय ते सांगून जायचंही हिला सुचलं नाही. तीन वाजून गेले होते. मी सगळे डबे उपसले, माळा शोधला, शेवटी तो मोहरीच्या बरणीमागं सापडला. घाईत मी एक सोडून दोन दारांचे स्क्रू पिळले. चहात साखरही जास्त झाली.

अण्णा पहिला घोट घेऊन म्हणाले, "उंदरानं ह्या वेळंला अंदाजानं काम केलंय, सर."